आधी स्लॅब, मग सोलर

मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. मुंबईत तो त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो, नागपुरात महिनाअखेरीकडे. शाळेच्या पटांगणात मुलं भर दुपारी बाटल्या आणि डबे उभे करतात आणि त्यांची सावली पायाशी गोळा होऊन नाहीशी होताना डोळे विस्फारून बघतात. मला हा दिवस फार आवडतो. पण त्याच क्षणी आपल्या घरांच्या डोक्यावर काय चाललेलं असतं, याचा विचार त्या गर्दीत कुणी करत नाही. सूर्य बरोबर माथ्यावर, म्हणजे भिंतींवर ऊन जवळजवळ नाही आणि गच्चीवर सगळंच्या सगळं. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरच रेंगाळत असतो. जर्मनीतल्या घराला दक्षिणेकडच्या खिडकीतून येणारं ऊन मोलाचं असतं, तिथलं सगळं घरबांधणीशास्त्र ते ऊन आत घेण्याभोवती आणि आतली ऊब बाहेर जाऊ न देण्याभोवती फिरतं. आपलं घर तापतं ते वरून.

मी पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला, तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटतं. काँक्रीट जड असतं. ते उष्णता सावकाश पितं आणि सावकाश सोडतं. दुपारभर गच्चीनं जे साठवलं, ते काही तासांनी खालच्या अंगानं घरात उतरू लागतं, नेमकं आपण अंथरूण घालतो तेव्हा. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आत पंखा छताजवळची तापलेली हवा आपल्या अंगावर ढकलत असतो. एसी लावला, तर त्याची झुंज खोलीतल्या हवेशी थोडी आणि त्या स्लॅबशी जास्त चालते, आणि ती पहाटेपर्यंत चालते.

हे सांगायचं कारण असं, की ‘नेट झिरो घर’ ही कल्पना आपल्याकडे आली ती थेट सोलर पॅनेलचं रूप घेऊन. वर्षभरात घरानं जेवढी वीज वापरली तेवढी स्वतः तयार केली, की हिशेब शून्यावर आला, अशी तिची सोपी व्याख्या. शून्यावर पोचायच्या वाटा दोन आहेत. एक, वीज जास्त तयार करायची. दुसरी, विजेची गरजच कमी करायची. पहिली वाट गच्चीवर चकाकते, तिचा फोटो निघतो, तिच्यासाठी सरकारी योजना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. योजना चांगली आहे आणि ती वाढावी असंच मला वाटतं. पण त्याच पॅनेलखालचा स्लॅब थंड करायला, पश्चिमेच्या भिंतीला सावली द्यायला, खिडक्या बदलायला कुणी घरमालकाच्या खिशात रुपयाही टाकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा क्रम उलटा झाला आहे आणि तो सुलटा केल्याशिवाय आपल्या शहरांतली घरं शून्याच्या जवळपासही जाणार नाहीत.

साधा हिशेब करून बघू. बावीस मजली टॉवर, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे अठ्ठ्याऐंशी कुटुंबं. फ्लॅट हजार चौरस फुटांचा धरला तर गच्ची साधारण चार हजार चौरस फुटांची. त्यात पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अग्निशमनासाठी मोकळी ठेवायची जागा. निम्मी उरली तरी पुष्कळ. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे वीस किलोवॉट बसले. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. एकूण ऐंशी युनिट, वाटून घेतले तर घरटी एक युनिटसुद्धा नाही. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला दिवसाला सहा-सात लागतात. आता दुसरीकडे बघा. त्याच फ्लॅटमधले पंचाहत्तर वॉटचे तीन जुने पंखे काढून तीस वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे लावले आणि ते दिवसाला दहा तास फिरले, तर रोज १.३५ युनिट वाचतात. गच्चीवरून त्या कुटुंबाच्या वाट्याला जेवढी वीज आली असती त्याहून जास्त. छतावरच्या पंख्यानं हे केलं, तर छतानं काय केलं असतं?

स्वतंत्र बंगला किंवा रो-हाउस असेल तर गणित बसतं, हे खरं. तीन किलोवॉटचे दिवसाला बारा युनिट चौघांच्या कुटुंबाला पुरून उरतात. तरी तिथेही ते शून्य वर्षाच्या बेरजेतलं असतं. पॅनेल दुपारी वीज देतं आणि एसी रात्री चालतो. रात्रीची वीज बाहेरूनच येते आणि महाराष्ट्रात ती प्रामुख्यानं कोळशाची असते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तोच जिल्हा कोळसाही देतो, आणि कोरपना तालुक्यातल्या कारखान्यांमधून आपल्या स्लॅबचं सिमेंटही देतो. मे महिन्यात त्याच चंद्रपुरात पारा ४६ अंशांच्या पुढे जातो. तिथला माणूस रात्री कूलरसमोर ओला पंचा अंगावर घेऊन पडतो, ते आमच्या पुण्या-मुंबईच्या बेडरूम चोवीस अंशांवर ठेवण्यासाठी जळणाऱ्या कोळशाच्या शेजारी. हे मला अस्वस्थ करतं. माझ्या घरात रात्री एक युनिट कमी लागला तर ग्रिडवर साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो युनिट वाचवायची सर्वांत स्वस्त जागा माझ्या डोक्यावर आहे.

गच्चीवर काय करता येतं, ते नवीन नाही. पांढरा चुना, पांढऱ्या तुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक, उष्णता परतवणारा पांढरा रंग. कोब्याच्या काळवंडलेल्या गच्चीवर पडलेलं बहुतेक ऊन आत मुरतं, स्वच्छ पांढरी गच्ची त्यातलं बहुतेक परत पाठवते. ज्यांना जास्त खर्च परवडतो त्यांनी कोब्याखाली इन्सुलेशनचा थर घालावा. जुने गवंडी स्लॅबवर मातीची मडकी उपडी मांडून त्यांवर कोबा करत, मडक्यांत कोंडलेली हवा तेच काम करायची. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तेव्हा असं कुठलंही वजन वर चढवण्याआधी तो अहवाल उघडून बघणं आलंच. चुन्याला वजन नाही. पण चुन्याची खोड अशी, की पावसाळ्यात शेवाळ धरतं, कोकणात तर एका पावसात पांढऱ्याचं काळं होतं, आणि दर वर्षी फेब्रुवारीत हात मारावा लागतो. हे काम दर वर्षीचं आहे हे मान्य करूनच त्याकडे बघायला हवं, जसं आपण टाक्या धुण्याकडे बघतो. गच्चीवर हवा खेळती राहील अशी उंच पत्र्याची शेड, किंवा तेवढ्याच उंचीवर बसवलेली सोलर पॅनेल हीसुद्धा स्लॅबला सावलीच देतात. म्हणजे सोलर बसवतानाच खालचा स्लॅब पांढरा करून घेतला, तर एकाच मजुरीत दोन कामं होतात. अनुदानाच्या अटीत ही एक ओळ घालायला काय हरकत आहे? तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. अहमदाबादनं २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं रंगवायला घेतली. तिथे बहुतेक छतं पत्र्याची होती. पत्रा स्लॅबसारखा उष्णता साठवत नाही, दुपारी लगेच तापतो आणि लगेच आग ओकतो, म्हणून तिथे पांढऱ्या रंगाचा गुण त्याच दुपारी कळतो. अशा पत्र्याखाली दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या किंवा पापड लाटणाऱ्या बाईच्या दृष्टीनं नेट झिरो हा शब्द फार दूरचा आहे. पांढरा पत्रा दूरचा नाही.

आता भिंतींकडे येते, कारण पुण्या-मुंबईत सध्या जुन्या इमारती पाडून पुनर्विकास करण्याची लाट आहे आणि पुढच्या पन्नास वर्षांची घरं आत्ता ओतली जात आहेत. ‘ओतली जात आहेत’ हे शब्दशः खरं आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटचे ओतायचे, ज्याला सगळे माइवान म्हणतात, ती पद्धत उंच इमारतींत सर्रास झाली आहे. काम झपाट्यानं होतं, विटांचं आणि गिलाव्याचं झंझट नाही, इमारत भूकंपात एकसंध राहते. हे तिचे खरे गुण आहेत. पण सहा इंच काँक्रीटची बाहेरची भिंत उष्णता किती आत सोडते? ढोबळ हिशेबानं जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट, आणि आठ इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या ठोकळ्यांच्या, भिंतीच्या चार ते पाच पट. म्हणजे नव्या टॉवरच्या पश्चिमेच्या बेडरूमला आता एकच नव्हे, दोन स्लॅब मिळाले, एक डोक्यावर आणि एक उभा. मधल्या मजल्यावरचा माणूस, जो आजवर सुखात होता, तोही आता माझ्या पंक्तीला आला. यावर उपाय नाहीत असं नाही. बाहेरून इन्सुलेशनचा थर देता येतो, पश्चिमेच्या भिंतीपुढे जाळीचा पडदा उभा करता येतो, बाल्कनी आणि जिने पश्चिमेला टाकून खोल्या मागे घेता येतात. यातलं जे काही करायचं ते नकाशावर करावं लागतं. इमारत उभी राहिल्यावर सत्तर मीटर उंचीवर कुणी भिंतीला कोट घालायला जात नाही.

पाडण्याचाही हिशेब आहे. एक टन सिमेंट तयार करताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण भट्टीला कोळसा लागतो आणि चुनखडी भाजताना तिच्यातूनही तो निघतो. चाळीस वर्षं उभी असलेली इमारत पाडून ‘नेट झिरो’ म्हणून नवी बांधली, तर पहिल्या दिवशीच तिच्या डोक्यावर मोठं कर्ज असतं. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. आमच्याच इमारतीत लिफ्ट नाही आणि दोन वृद्ध शेजारी गेली काही वर्षं फक्त दवाखान्यासाठी खाली उतरतात. पण जिथे सांगाडा ठणठणीत आहे तिथे लिफ्ट बाहेरून जोडून, गच्ची, खिडक्या आणि वायरिंग सुधारून इमारत आणखी तीस वर्षं वापरणं हा पर्याय सभेत निदान एकदा मांडला गेला पाहिजे. तो मांडला जात नाही, कारण त्यात कुणालाच जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळत नाही.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. जुन्या लाकडी खिडक्या पूर्ण उघडायच्या, खालची झडप लावून वरची उघडी ठेवता यायची. आताची सरकती अॅल्युमिनियमची खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. शिवाय छज्जा गेला, जमिनीपासून छतापर्यंत काच आली. राहिलेली बाल्कनी आपण स्वतःच बंद करून खोलीत घेतली. वाऱ्याची वाट आणि सावली, दोन्ही एका फटक्यात गेल्या. युरोपात पॅसिव्ह हाउस म्हणून हवाबंद घरांची जी चळवळ आहे, तिचं पहिलं घर १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाट इथे उभं राहिलं. ती त्या हवेत योग्यच आहे. मुंबईच्या घामट दमटपणात आणि पुण्याच्या गार रात्रींत घराला श्वास लागतो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीयांना कोणत्या तापमानात बरं वाटतं याचा प्रत्यक्ष इमारतींमध्ये फिरून अभ्यास केला आणि त्यातून भारतासाठी वेगळं गणित मांडलं. बाहेरच्या ऋतूबरोबर माणसाची सहनशक्तीही सरकते, असं त्याचं सार. वारा खेळत असेल, डोक्यावर पंखा असेल आणि भिंती-छत तापलेले नसतील, तर आपल्याला चोवीस अंश लागत नाहीत. शेवटची अट महत्त्वाची आहे. तापलेल्या छताखाली पंखा हरतो.

इथे कुणीतरी वाड्यांचं आणि माळवदांचं कौतुक सुरू करतं, आणि मला थांबावंसं वाटतं. माझं आजोळ लातूर जिल्ह्यातलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळयांवर फूट-दीड फूट पांढरी माती, उजेडाला छतात साणं. मेच्या दुपारी त्या घरात शिरलं की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा एकदमच जाणवायचा. आणि त्याच मातीनं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेत गाडली. त्या भिंतींत दगड एकमेकांना बांधलेले नव्हते आणि वरचं वजन प्रचंड होतं. त्यानंतर आमच्याकडची कित्येक माणसं किती तरी वर्षं अंगणात झोपत होती. ज्यांनी ते पाहिलं त्यांना ‘परत मातीच्या घरात जा’ असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही.

पण त्या भयातून आपण जे उचललं ते अर्धंच उचललं. मजबुतीसाठी स्लॅब आला, पत्रा आला, त्याबरोबर माळवदाचा गारवा परत कसा आणायचा, याचा विचार आलाच नाही. आज प्रधानमंत्री आवास योजनेत गावात सपाट भागासाठी एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि किमान पंचवीस चौरस मीटरचं पक्कं घर उभं राहतं. त्या पैशात बहुतेक ठिकाणी पातळ भिंती आणि उघडा स्लॅब किंवा पत्रा एवढंच होतं. दुपारी घरकुलाला कुलूप आणि माणसं शेजारच्या लिंबाखाली किंवा जुन्या पडक्या माळवदात, हे दृश्य मराठवाड्यात पाहिलेल्या माणसाला मी काय म्हणते ते कळेल. सरकार ज्या घरासाठी पैसे देतं, त्याच्या शेवटच्या हप्त्यात छताला पांढरा थर आणि समोरासमोर दोन खिडक्या हव्यातच. लाखो घरकुलांत उद्या पंख्यानं भागणार की कूलर-एसी लागणार, हे त्या एका हप्त्यावर ठरेल. ‘पक्कं’ या शब्दाची सरकारी व्याख्या बदलायची वेळ आली आहे.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. बाहेरच्या भिंती-खिडक्यांमधून सरासरी किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिनं चौरस मीटरला पंधरा वॉट ठेवली. छताचीही मर्यादा आहे, आणि आपला उघडा स्लॅब तिच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश हवं, असंही ती सांगते. इथे ‘उघडणाऱ्या’ हा शब्द तिनं जाणून घातला आहे, सरकत्या खिडकीचा निम्मा भाग त्यात मोजला जात नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीनं मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या. पण घर बांधायचे नियम राज्य आणि महापालिका करतात. बांधकाम परवानगीच्या टेबलावर हा आकडा मागितला जात नाही तोवर संहिता कागदावरच राहणार.

माझी मागणी त्याहून साधी आहे. आपण फ्रिज घ्यायला गेलो तर दारावरचे तारे मोजतो. २०२३ पासून पंख्यावरसुद्धा तारे बंधनकारक झाले. पाऊण-एक कोटीचा फ्लॅट घेताना मात्र भिंत कशाची आहे हेही कुणी सांगत नाही. घरांसाठी तारांकनाची पद्धत २०१९ मध्ये तयार झाली, ती ऐच्छिक आहे, त्यामुळे ती कुणाच्या गावीही नाही. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आल्यावर कार्पेट एरिया छापणं सक्तीचं झालं आणि वर्षानुवर्षांची एक फसवणूक कमी झाली. त्याच पानावर आणखी तीन आकडे छापायला लावा: भिंतीतून येणारी उष्णता, छतातून येणारी उष्णता, खिडकीचा उघडणारा भाग. हे आकडे वास्तुविशारदाला नकाशावरून काढता येतात, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. एकदा ते शेजारी शेजारी छापून आले, की गिऱ्हाईक स्वतःच विचारू लागेल.

उभ्या असलेल्या इमारतींचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो जास्त अवघड आहे, कारण तिथे बिल्डर नाही, सोसायटी आहे. गच्ची सगळ्यांची, पण ऊन फक्त वरच्या मजल्याचं. आमच्या सभेत मी गच्चीला पांढरा थर द्यायचा विषय पहिल्यांदा काढला, तेव्हा तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अगदी सरळपणे विचारलं, ‘ताई, यात आमचा काय फायदा?’ प्रश्न रास्त होता. पण गच्चीतून पाणी गळलं, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं करायची, हे आदर्श उपविधींत आहे आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. पाणी आत येणं हा जर इमारतीचा दोष मानला जातो, तर उष्णता आत येणं हाही मानला गेला पाहिजे. सहकार खात्यानं उपविधींत एवढी दुरुस्ती केली, की वॉटरप्रूफिंग करताना वरचा थर पांढराच असेल, तर हजारो सोसायट्यांत हा वाद मिटेल. महापालिका सोलर आणि गांडूळखतासाठी मिळकतकरात सवलत देते. त्या यादीत थंड गच्ची घालायला नवा पैसाही फारसा लागणार नाही.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. गेल्या महिन्यात बिल्डरच्या माणसानं सादरीकरण केलं. सामाईक दिव्यांसाठी सोलर, गाड्यांसाठी चार्जिंग, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण. सगळं चांगलं होतं. मी विचारलं, पश्चिमेची भिंत कशाची आणि किती जाड? ‘माइवान आहे मॅडम, एकदम मजबूत,’ असं उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं, त्यातून उष्णता किती येईल? तो गृहस्थ प्रामाणिक होता. म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नाही, मी कन्सल्टंटला विचारून सांगतो. सचिवांनी प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला. विकसन करारात घालायच्या मुद्द्यांच्या यादीत आता पश्चिमेच्या भिंती, गच्चीचं इन्सुलेशन आणि पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या अशा तीन ओळी आहेत. तळमजल्याच्या शेजाऱ्यांनीही त्यावर सही केली, कारण नव्या इमारतीत त्यांना अकरावा मजला मिळणार आहे.

पुढची सभा मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याआधीच्या रविवारी आम्ही गच्ची झाडून चुन्याचा एक हात मारून घेणार आहोत. इमारत पाडायला अजून दोन उन्हाळे बाकी आहेत.